जराबंदीचा उन्हाळा

यंदा पुन्हा नळाला पाणी येईनासं झालं आणि आमच्या गल्लीत दारोदारी निळे ड्रम येऊन उभे राहिले. लातूरला हे काही नवं नाही. डाळ मिलच्या बाजूनं वारा सुटला की भुशाची बारीक धूळ खिडकीच्या जाळीवर बसते, ड्रमच्या झाकणांवर बसते, वाळत घातलेल्या साड्यांवरही बसते. अशा दिवसांत माझ्यासारख्या निवृत्त मास्तरणीनं दुपारी दारं लावून, ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन पडून राहावं. पण माझ्या घरात यंदा पाय वाजवायचीसुद्धा चोरी आहे. आतल्या खोलीत माझ्या मोठ्या भावाची नात अभ्यासाला बसते, आणि तिनं दारावर वहीचा कागद चिकटवून ठेवला आहे: 'हाक मारू नये.'

समीक्षा तिचं नाव. मेडिकलच्या परीक्षेसाठी क्लास लावलाय. होस्टेलवर पाणी पुरेना म्हणून माझ्याकडं राहायला आली. पोरगी शहाणी आहे. आल्या दिवशीच तिनं आपला मोबाइल बंद केला आणि माझ्या ज्वारीच्या कोठीत, दाण्यांच्या खाली पुरला. मी म्हटलं, "अगं, कुणाचा फोन आला तर?" तर म्हणते, "ज्वारी उचलंल, आत्या." नात असून मला आत्याच म्हणते, आणि मी ते दुरुस्त करत नाही, वय कमी झाल्यासारखं वाटतं.

रोज दुपारी मी चहाचा कप घेऊन तिच्या दाराशी जाते, कडी वाजवायला हात वर करते आणि हात तिथंच राहतो. कागदावरची अक्षरं काही दरडावणारी नाहीत, साधी आहेत. तरी मी तिथंच उभी राहते. चहावर साय धरते, मी तो स्वतःच पिऊन टाकते आणि परत येऊन बसते.

असंच एक दार आमच्या गावच्या घराला होतं. फळ्यांचं. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी, त्यातून दुपारची उन्हाची पट्टी आत जमिनीवर पडायची. त्या दाराआड माझा दादा बसायचा, मिलिंद. आणि दाराबाहेर, पाठ फळ्यांना टेकवून, आमचे वडील बसायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

गाव आमचं जळकोटच्या अलीकडचं. तेव्हा जळकोट तालुका नव्हता, आमची सगळी कागदं उदगीरला जायची आणि मोठी कामं थेट उस्मानाबादला. मग जिल्हा फुटला. आमच्याकडं जिल्हा झाला असं कुणी म्हणत नाही, जिल्हा फुटला म्हणतात. त्या वर्षी खरं तर विहिरीला झरा फुटायला हवा होता. तो काही फुटला नाही, जिल्हा तेवढा फुटला. लातूर आता जिल्ह्याचं गाव झालं म्हणून चहाच्या हॉटेलात पेढे वाटले गेले, आणि ते खाल्ल्यावर प्यायला पाणी मागितलं तर हॉटेलवाला अर्धाच पेला भरून द्यायचा.

पाऊस नाही म्हणून शेतात काम नाही, म्हणून सगळं गाव रोजगार हमीच्या रस्त्यावर. आबा खडी फोडायचे. आमची बौद्धांची गल्ली गावाच्या खालच्या अंगाला, तिथून सकाळी सगळे एकदमच निघायचे, हातात भाकरी बांधलेली फडकी आणि खांद्यावर हातोडे. आबांना अक्षरओळख होती ती रात्रशाळेतली. तीही त्यांनी हट्टानं मिळवलेली. आपल्या घरातला एक तरी माणूस सरकारी खुर्चीवर, पंख्याखाली बसलेला पाहायचा, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. देवाकडं मागायची सोय त्यांच्या बापानंच धर्म बदलताना बंद करून टाकली होती, त्यामुळं ते मागणं सगळं दादाच्या डोक्यावर येऊन पडलं.

दादा बी.ए. झालेला. क्लार्कच्या भरतीचा अर्ज त्यानं जिल्हा फुटायच्या आधीच भरला होता आणि परीक्षेचं कार्ड आलं होतं. पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय निघून जाणार होतं. म्हणजे ही एकच संधी, आणि ते घरात सगळ्यांना, अगदी आमच्या शेळीलाही, ठाऊक होतं.

अडचण अशी होती की दादाला सगळ्यात रस. कुणाचा रेडिओ खरखर करतोय, कुणाच्या म्हशीला काय झालंय, कुणाच्या जावयाची बदली कुठं झाली. हुशार होता, पण दाराशी कुणी "मिलिंद, जरा ये रं" म्हटलं की पुस्तक पालथं घालून निघालाच. कुणाची टॉर्च दुरुस्त कर, कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाला मोटारीचा टाइम सांग. प्रत्येक काम जराच असायचं. आणि असं जरा जरा करत दिवस कधी बुडाला ते त्याला कळायचं नाही. संध्याकाळी तो त्याच पानावर बसलेला असायचा. मग स्वतःवरच चिडायचा आणि जेवायचा नाही.

आबांनी हे ओळखलं, ते मात्र मला आजही मोठं वाटतं. कामाला सुट्टी होती त्या दिवशी ते नुसते ओट्यावर बसून राहिले. बोलले काहीच नाहीत, दिवसभर ऐकत राहिले. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना समोर बसवून म्हणाले, "पोरगं आळशी न्हाई. पोराचा वैरी म्या धरलाय. 'जरा' हाय त्याचं नाव. आजपासून ह्या घरात कुणी 'जरा' म्हणायचं न्हाई. बाहेरचं कुणी म्हणलं तर त्याला दारातून वापस लावायचं."

अशी आमच्या घरात जराबंदी लागू झाली. दारूबंदीपेक्षा कडक.

सगळ्यात हाल झाले मायचे. मायचं एकही वाक्य 'जरा'शिवाय सुरू होत नसे. "जरा शेळीला पाणी पाज, जरा चुलीकडं बघ, जरा सरक." आता ती तोंड उघडायची, 'ज' ओठांवर यायचा, आणि तो गिळून टाकायची. मग कामच आठवायचं नाही तिला. एकदा कोंबडी घरात शिरली तर माय तिच्यापुढं हात ओवाळत उभी, आवाज नाही. मी हसून हसून खाली बसले. आबांनी डोळे वटारले तर त्यांनाही हसू आलं, आणि आम्ही तिघंही तोंडात पदर, रुमाल, जे हाताला आलं ते कोंबून हसलो. दारामागं दादाचं पाठांतर चालू होतं. तो उन्हाळा म्हटलं की मला ते मुकं हसू अजून आठवतं.

बाकीचा बंदोबस्तही पक्का होता. रेडिओ काकाच्या घरी गेला. हॉटेलात पेपर यायचा, तो वाचायला दादा रोज जायचा, ते बंद. "पेपरात काय असतंय? दुसऱ्याच्या भानगडी," आबा म्हणाले. मित्रांना सांगितलं, परीक्षेनंतर या. जयंतीच्या आठवड्यात विहारावर भोंगा लागायचा. तर आबांनी तरुण पोरांपुढं हात जोडून भोंग्याचं तोंड शिवाराकडं करून घेतलं. कुणीतरी कुरकुरलं की आपलीच जयंती आणि आपणच आवाज कमी करायचा का. आबा म्हणाले, "जयंती ज्याची हाय, त्यानं काय नाचून मिळवलं व्हतं का? अभ्यास करून राहिला व्हता त्यो."

हे सगळं उपयोगी पडलं, हे सांगायलाच हवं. जुन्या गोष्टी सांगताना सगळा दोष शिस्तीच्या माथी मारायची एक सवय असते आपल्याला, ती मला आवडत नाही. महिनाभरात दादाचा चेहरा बदलला. त्याचं गणित सुधारलं, इंग्रजीचे उतारे तो घडाघडा म्हणायला लागला. आबांनी त्याला एक युक्ती शिकवली होती. खडी फोडताना नजर हलली की हातोडा बोटावर बसतो, म्हणून नजर हलली रे हलली की तिला धरून दगडावर आणायची. "मन भटकलं तर रागं भरू नको. वासराला आणतो तसं धरून आण, खुंट्याला बांध." दादा तेच करत होता. रात्री जेवताना तो कधी नव्हे ते शांत असायचा.

मी तेव्हा नववी संपवून दहावीत जाणार होते. दहावीनंतर मी घरी बसायचं, हे ठरल्यासारखं होतं. घरात मला बडबडी म्हणत, आणि आबांची माझ्याशी बोलायची रीत एकच, "सुमे, गप बस." रागानं नव्हे, सहज. लोक नमस्कार म्हणतात तसं. दादाची सगळी कामं आता माझ्याकडं आली होती, त्यात पाण्याचं काम मोठं. गल्लीच्या टोकाला एक हापसा होता. तिथं घागरींची रांग लागायची आणि आपापल्या घागरीवर नजर ठेवत बायका बसायच्या. हापसा दहादा दांडा मारला की खोकल्यासारखा आवाज करून एक धार सोडायचा. तोवर बोलण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काय होतं?

पुरुष त्या बोलण्याला बायकांच्या चकाट्या म्हणायचे. पण त्या रांगेत सगळा तालुका असायचा. कुठल्या रस्त्याचं काम निघणार, कुठं धान्य आलंय, कुणाच्या विहिरीला अजून हात पुरतोय. एका दुपारी चंद्रभागाकाकू, जिचा नवरा उदगीरला तहसीलच्या आवारात चहा विकायचा, ती मला म्हणाली, "सुमे, तुझ्या भावाची ती परीक्षा आता लातूरलाच हाय म्हणं. नवा जिल्हा झाला न्हवं. आपल्याकडच्या समद्या पोरायला तिकडंच बोलावलंय. फळ्यावर कागुद लागलाय, पेपरात बी आलंय म्हणत व्हते हे."

मी घागर रांगेत टाकून पळत सुटले. दुष्काळात घागर रांगेत सोडणं म्हणजे काय, ते ज्यांनी रांग लावलीय त्यांनाच कळेल. घरी आले तर आबा खडीवरून येऊन दाराला पाठ लावून दोर वळत बसलेले.

"आबा, जरा ऐका—"

निसटलंच तोंडातून. त्यांचा हात वर गेला. "गप बस."

"पण परीक्षा लातूरला—"

"सुमे! एक शबुद न्हाई. आत पोरगं बसलंय."

"लातूरला हाय, दादाची परीक्षा लातूरला हाय!" मी ओरडलेच. आबा उठले, त्यांनी माझा खांदा धरला आणि मला अंगणाच्या बाहेर, बाभळीपर्यंत नेऊन सोडलं. म्हणाले, "परीक्षा होऊ दे त्याची. मग बोल, लागंल तेवढं बोल. म्या ऐकून घेतो."

मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "कार्डावर छापलेलं हाय की उस्मानाबाद. छापलेलं खोटं असतंय का? आन् चंद्रभागेला काय कळतंय त्यातलं." छापील अक्षरावर आमच्या लोकांची फार श्रद्धा. कशी नसेल? अक्षरानंच तर आम्हाला माणसात आणलं होतं. हापशावरची गोष्ट आणि कार्डावरची गोष्ट यात कार्ड खोटं ठरेल, असं कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. दोन दिवसांनी मलाही वाटायला लागलं की काकूंनी दुसऱ्याच कसल्या परीक्षेचं ऐकलं असेल.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दादा एस.टी.नं निघाला. आता हे सांगताना मला अजून त्रास होतो. आमच्याकडून उस्मानाबादला जायचं तर गाडी लातूरवरूनच जाते. लातूरच्या स्टँडवर ती बराच वेळ थांबते. कंडक्टर खाली उतरून चहा घेतो, शेंगावाले खिडकीशी येतात. आमच्या भागातली काही पोरं त्याच गाडीत होती. ती तिथं उतरली. दादानं त्यांना उतरताना पाहिलंसुद्धा नाही. तो खिडकीजवळ, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून, बोटानं ओळी धरत वाचत होता. गाडी सुटली आणि तो परीक्षेच्या गावातून परीक्षा सोडून पुढं निघून गेला.

त्या रात्री तो उस्मानाबादच्या विहारात झोपला. सकाळी केंद्रावर गेला तर फळ्यावर त्याचा नंबर नाही. तिथल्या माणसानं कार्ड पाहून चांगल्या शब्दांत सांगितलं, तुमचा तालुका आता लातूरला गेला, तिकडच्यांची परीक्षा तिकडं. दादा स्टँडवर धावला. मिळेल त्या गाडीनं लातूरला पोचला तेव्हा पोरं पेपर देऊन बाहेर पडत होती. त्यातला ओळखीचा एक त्याला म्हणाला, "आरं, तू कुठं व्हतास?" आणि त्यानं दादाला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला. दादानं तो रस पूर्ण प्यायला. हे त्यानंच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना म्हणाला की बर्फ जास्त होता.

घरी आला तेव्हा आबा अंगणात उभे होते. दादा एवढंच म्हणाला, "परीक्षा लातूरला व्हती." आबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला आजवर कुणी तसं पाहिलेलं नाही. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसानंतर आबांनी मला एकदाही गप बस म्हटलं नाही. मी तोंड उघडलं की ते हातातलं काम ठेवायचे. जेवत असले तर घास ताटात ठेवायचे. मी खडीवर भाकरी घेऊन जायचे तेव्हा काही बोलू लागले की हातोडा खाली, आणि "बोल." मुकादम ओरडायचा, "म्हातारबा, लेकीशी गप्पा मारायला आलाव का?" तर त्यालाच हातानं थांब म्हणून खूण करायचे. मी काहीही सांगायचे, मैत्रिणीची वेणी, शाळेतल्या बाईंची छत्री. ते सगळं ऐकून घ्यायचे, शेवटपर्यंत, आणि मान हलवायचे.

म्हणून मी शिकले. याला दुसरं कारण नाही. दहावीनंतर एक दिवस त्यांच्याजवळ खडीच्या ढिगाशी बसून मी म्हटलं, मला नांदेडला जाऊन डी.एड. करायचंय. सगळं सांगितलं, खोलीपासून खानावळीपर्यंत. ते सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरं." आणि अकरावी-बारावी झाली, डी.एड. झालं, उमरीच्या शाळेत नोकरी लागली. पंख्याखालची खुर्ची मला मिळाली. पंखा फिरायचा तेव्हा कधी कधी मला त्याची लाज वाटायची.

उमरीला आबा यायचे. खोलीत भिंतीला टेकून बसायचे आणि म्हणायचे, "बोल, बाई." आता माझ्याजवळ बोलायला काय असायचं? वह्या तपासायच्या असायच्या, स्वयंपाक असायचा. मी शाळेच्या गळक्या पत्र्याविषयी बोलायचे, बदलीविषयी बोलायचे, आणि ते हातातला चहा निवू देत ऐकत राहायचे. ते ऐकणं मला जड व्हायला लागलं. त्यांना माझं बोलणं हवं नव्हतं, त्यांना तो एक दिवस परत हवा होता, आणि तो माझ्याजवळ नव्हता. हळूहळू मीच बोलणं तोडायला लागले. "काही न्हाई आबा, समदं ठीक हाय," म्हणून वह्या पुढं ओढायची. ज्या मुलीला बडबडी म्हणत तिच्या तोंडून त्यांना शेवटची कितीतरी वर्षं एवढंच ऐकायला मिळालं. याचं मला फार वाईट वाटतं. त्या वह्या कुणाच्या होत्या तेही आता आठवत नाही.

नांदेडच्या दवाखान्यात ते शेवटच्या दिवसांत होते तेव्हाही मी जवळ बसून काही बोलले की औषध द्यायला आलेल्या नर्सला ते हातानं थांबवायचे. ती चिडायची. मी म्हणायचे, आबा, घ्या आधी गोळी. मग ते घ्यायचे.

दादानं नंतर लातूरला डाळ मिलमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, मग गावी परतला. त्याचा मुलगा, समीक्षाचा बाप, जळकोटला ऑटो चालवतो. दादाला आता पेपर लागतो, तोही एक नाही. जाहिराती, निविदा, हरवले-सापडले, सगळं वाचतो. मी त्याला चिडवते, "मनपाच्या नोटिशी तरी सोड की." तो म्हणतो, "असू दे, कुठं काय निघंल सांगता येत न्हाई."

परवा समीक्षाच्या क्लासमध्ये पालकांची सभा होती. दादा गावाहून मुद्दाम आला, धुतलेला पांढरा सदरा घालून. एक तरुण वक्ता माइक तोंडाशी धरून सांगत होता की आपल्या पाल्याच्या आयुष्यातले व्यत्यय ओळखा, त्यांची यादी करा, एकेक कापून टाका. चांगलं बोलला. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी मनात म्हटलं, आमच्या वेळी व्यत्ययांना पाय असायचे, चपला असायच्या, ते दारात उभे राहून नाव घेऊन हाक मारायचे. त्यांना ओळखणं सोपं, आणि तरी आम्ही एकाला ओळखण्यात चुकलो. आता ते खिशात शिरून बसतात, पाय वाजत नाहीत त्यांचे. ज्वारीखाली पुरावं तेव्हा कुठं गप बसतात. कापावेत, जरूर कापावेत. मीसुद्धा दिवसातून एकदाच फोन उघडते आता. पण समीक्षाशी मी एक ठरवून घेतलंय. रात्रीच्या जेवणाला अर्धा तास दार उघडं. त्यात दिवसभराचं सगळं सांगायचं, माझं, तिचं, गल्लीचं, फालतू वाटेल तेसुद्धा. कुठलं फालतू होतं ते नंतरच कळतं. शेजारच्या बाई कालच तिला सांगून गेल्या की क्लासची वेळ बदललीय. खरं होतं ते.

सभेहून आलो आणि मी नि दादा पायरीवर टँकरची वाट बघत बसलो. ऊन कलतं झालं होतं, पण पायरी अजून तापलेली होती. आत समीक्षाचं पाठांतर चालू होतं. मी म्हटलं, "दादा, आबा जन्मभर जळत राहिले रे, त्या दिवसापायी. तुझ्यापर्यंत माझा आवाज पोचू दिला नाही म्हणून."

दादा बराच वेळ ड्रमच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसत राहिला.

"पोचला व्हता," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"फळ्याचं तर दार व्हतं, सुमे. तू लातूर म्हणलीस, परीक्षा म्हणलीस, समदं ऐकू आलं मला. मला वाटलं, माझं मन भटकून राहिलंय. आबानं सांगितलं व्हतं तसं धरून आणलं त्याला. त्रैराशिक सोडवून राहिलो व्हतो. ते बरोबर आलं. लई बरं वाटलं मला तवा."

"मग आबांना कामून न्हाई सांगितलंस?" माझा आवाज चढला. "एवढं एक सांगितलं असतंस तर—"

"आधी राग व्हता, म्हणून न्हाई सांगितलं. राग गेला, मग एक दिवस सांगायला खडीवर गेलो. तर तू त्येंच्याजवळ बसून नांदेडचं सांगून राहिली व्हतीस. आन् त्येंनी हातोडा खाली ठेवला व्हता." दादा हसला थोडा. "म्हणलं, आता सांगितलं तर ह्येंच्या जिवावरचं वझं उतरंल. आन् वझं उतरलं की हे पुन्हा तुला गप बस म्हणतील."

टँकर गल्लीच्या तोंडाशी वळला तसा लोक ड्रम ओढायला लागले. दादा उठला नाही.

"नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी कानाजवळ गेलो व्हतो सांगायला. तू रडत काहीतरी बोलत व्हतीस त्येंच्याशी. श्वास थांबला व्हता त्येंचा. पर म्या मागं सरकलो. म्हणलं, तुझं ऐकून राहिले असतील अजून."